बाबांच्या कराओके सीड्या आणि कलम ५२

गेल्या पावसाळ्यात बाबांची एक कराओके सीडी अडकायला लागली. अडकायला म्हणजे कशी, तर दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ आली की टीव्हीवरच्या अक्षरांचे चौकोन चौकोन व्हायचे, सतार एकाच सुरावर टर्रर्र करत राहायची आणि चार-पाच सेकंदांनी एकदम पुढच्या ओळीवर उडी. बाबा तेवढा वेळ थांबून राहायचे, माइक तोंडासमोर तसाच, उजव्या हाताने मांडीवर ठेका चालू, आणि ट्रॅक सरकला की बरोब्बर पकडायचे. हे त्यांनी इतक्या वेळा केलंय की नवीन माणसाला वाटेल गाण्यातच तेवढी जागा आहे.

बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. भोसरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर स्टोअर्सला होते, रिटायर झाल्यावर ट्रॅकवर (मागे नुसतं संगीत, गायचं आपण) गायला लागले. आमच्याकडे कर्वेनगरला सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात, बहुतेक सगळे साठीपुढचे, कोणाचा स्केल काळी एक, कोणाचा सफेद चार, कोणाचा रोज वेगळा. बाकीचे सगळे मोबाइलवर ट्रॅक लावतात. बाबा एकटेच त्या जुन्या व्हीसीडी प्लेअरला चिकटून आहेत, कारण त्यात गाण्याची पट्टी वर-खाली करायचं बटण आहे आणि त्यांच्याकडे चेनवाली काळी बॅग भरून ४३ सीड्या आहेत, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, हे ते प्रत्येकाला सांगतात.

तर बुरशी. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चामड्याच्या चपलांना येते तशीच सीडीलाही येते हे मला खरंच माहीत नव्हतं. उजेडात धरली की खालच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, पुसले की जातात, पण काही ठिकाणी डाग राहतो तो राहतोच. मी एक रविवार घालवून सगळ्या सीड्या साध्या पाण्याने धुतल्या, मऊ कापडाने मधून बाहेर अशा पुसल्या (गोल गोल पुसायच्या नाहीत, ओरखडा गोल गेला की प्लेअरला वाचता येत नाही, सरळ आडवा गेला तर एकवेळ चालतं), आणि पुसता पुसता सहज म्हणलं, बाबा, मी ह्या सगळ्यांची कॉपी करून ठेवते ना, एका पेन ड्राइव्हवर बसतील, मग ह्या ठेवून द्या कपाटात.

"नाही," बाबा म्हणाले. "त्यावर लिहिलंय, कॉपी करायची नाही."

आणि खरंच भिंग आणून मला वाचून दाखवलं. सीडीच्या कडेने गोल फिरवत फिरवत वाचावं लागतं, मान मोडते. विनापरवाना कॉपी, भाड्याने देणं, सार्वजनिक ठिकाणी वाजवणं, प्रक्षेपण, सगळ्याला मनाई. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात.

मी म्हणलं अहो तुम्ही विकत घेतलीय ना. तर म्हणे मी ताटली विकत घेतलीय, गाणं नाही. आता ह्यावर काय बोलणार. स्टोअर्सचा माणूस, चलन नसेल तर मोळासुद्धा गेटबाहेर जाऊ दिला नाही त्यांनी.

गंमत अशी की वस्तू जपायचं वेड पण ह्याच माणसाला. त्याचं कारण पानशेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा बाबा दहा वर्षांचे, नारायण पेठेत राहायचे, आणि आजोबांच्या लाखेच्या तबकड्या खालच्या खोलीत होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून निघाल्या त्यातल्या अर्ध्या फुटलेल्या, आणि ज्या धड होत्या त्यांची मधली कागदी लेबलं विरघळून गेलेली. म्हणजे तबकडी आहे पण कोणाची, कोणतं गाणं, काही पत्ता नाही, वाजवल्याशिवाय कळायचं नाही आणि ग्रामोफोन तर वाहूनच गेलेला. आजोबांनी त्या बिनलेबलाच्या तबकड्या कितीतरी वर्षं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या. हे बाबा आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत. इतकं सगळं बघितलेल्या माणसाने तरी बॅकअपला नाही म्हणू नये ना? पण नाही म्हणजे नाही.

मग मी जे आपण सगळे करतो ते केलं, घरातला वकील शोधला. आमच्या आत्याचे जावई कोर्टात प्रॅक्टिस करतात, आणि आत्याकडे सत्यनारायण होता, तिथे शिऱ्याची वाटी हातात असताना मी विषय काढला. भाऊजी म्हणाले फुकट सल्ला ऐकायचा असेल तर आधी अजून थोडा शिरा आणून दे. आणला.

ते बाबांना म्हणाले, मामा, आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात कलम ५२ म्हणजे कशाला चोरी म्हणायचं नाही त्याची यादी. लांबलचक आहे. त्या यादीत बॅकअप हा शब्द येतो, पण तो कुठे येतो माहितीय का, कम्प्युटर प्रोग्रामला. ५२(१)(एए). प्रोग्रामची कॉपी ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याने ती हरवू नये, नष्ट होऊ नये, खराब होऊ नये म्हणून तात्पुरतं संरक्षण एवढ्याचसाठी बॅकअप कॉपी केली तर चालते. असं सरळ लिहून दिलंय.

बाबा म्हणाले, "म्हणजे नातवाच्या खेळाची सीडी मी कॉपी करू शकतो आणि माझ्या गाण्याची नाही?"

"तसं नाही हो मामा. खेळाचं लेखी आहे, गाण्याचं अर्थ काढून आहे."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला खरंच नवीन होतं. ह्याच कलमात आधी एक (ए) आहे, त्याला फेअर डीलिंग म्हणतात. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, त्यात संशोधनही आलं, एखाद्या कलाकृतीचा वाजवी वापर केला तर तो कॉपीराइटचा भंग नाही. पण पूर्वी ही सवलत पुस्तक, नाटक, संगीतरचना, चित्र असल्या गोष्टींना होती, ध्वनिमुद्रण आणि सिनेमा त्यात नव्हते. २०१२ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिथे कोणतीही कलाकृती असा शब्द घातला, फक्त कम्प्युटर प्रोग्राम सोडून, कारण त्याची सोय वेगळी केलेलीच आहे. म्हणजे २०१२ पासून सीडीवरचं गाणं पण त्यात आलं आणि त्याच्याबरोबरचं चित्र पण. व्हीसीडीवर हलतं चित्र असतं ना, मागे तो बगिचा, धबधबा, परदेशातली कुठली तरी बस जाताना दाखवतात, कायद्याच्या भाषेत तो सिनेमाच.

थोडक्यात भाऊजींचं म्हणणं असं की स्वतः पैसे देऊन घेतलेल्या ओरिजिनल सीडीची एक कॉपी, स्वतःच्या घरात, स्वतःला गायला, मूळ सीडी जपून राहावी म्हणून, ह्याला वैयक्तिक वापर म्हणून नीट बचाव करता येतो. पण फेअर हा शब्द आहे तिथे, तो विसरायचा नाही. किती कॉपी केल्या, कोणाला दिल्या, त्यामुळे सीडी विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटलं का, हे सगळं त्या एका शब्दात बसतं. आणि मूळ सीडी विकून टाकली, कोणाला देऊन टाकली, आणि कॉपी ठेवली, तर मग ती कशाची बॅकअप? तो बचाव गेला.

बाबा म्हणाले, मग ते कडेला छापलंय त्याचं काय? भाऊजी हसले, मामा, त्यात विनापरवाना असं आहे. कायद्यानेच मुभा दिली असेल तर कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. सीडीच्या कडेला छापून कायद्यातलं कलम खोडता येत नाही.

हे वाक्य बाबांना आवडलं. घरी येताना रिक्षात दोनदा म्हणून दाखवलं त्यांनी.

पण स्टोअर्सचा माणूस तो, दुसऱ्या दिवशी परत फोन. जुनी गाणी असतील तर काय, पन्नासच्या दशकातली तर मोकळी झाली असतील ना? भाऊजी म्हणाले ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचा, म्हणजे तुमच्या लहानपणच्या रेकॉर्डी सुटल्या. पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आणि तुमच्या सीडीवर ती जुनी रेकॉर्ड कुठे आहे? ट्रॅक तर कोणीतरी २००४-०५ साली स्टुडिओत कीबोर्डवर नवीन वाजवलाय, तो त्यांचा स्वतंत्र ध्वनिमुद्रण म्हणून हक्क, त्याची साठ वर्षं आत्ता कुठे सुरू झालीत. बाबा म्हणाले, म्हणजे मी जाईन तोवर नाही. भाऊजी म्हणाले मामा असं काय बोलता, आणि शिक्षेचं पण सांगून टाकलं, कलम ६३, जाणूनबुजून भंग केला तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख, धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून कमी करू शकतं. हे कशाला सांगितलं देव जाणे. बाबा दोन दिवस सीड्यांकडे बघायचे पण नाहीत.

मी मात्र तेवढ्यात वाचत बसले, कारण मला राग आला होता, की एवढी साधी गोष्ट कुठल्याच देशात सरळ का नाही. इंग्लंडची गंमत बघा. तिथे आपण घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी कॉपी करणं कायदेशीर नव्हतंच, सगळे करायचे तरी. मग १ ऑक्टोबर २०१४ पासून सरकारने रीतसर परवानगी दिली. त्यावर संगीतवाले कोर्टात गेले, म्हणाले आम्हाला भरपाई काहीच नाही, आणि जुलै २०१५ मध्ये हायकोर्टाने तो नियम रद्द केला. म्हणजे जेमतेम साडेनऊ महिने तिथला माणूस कायद्याने सीडी कॉपी करू शकत होता. जर्मनीत उलट, त्यांनी १९६५ लाच ठरवलं की लोक घरी कॉपी करणार, अडवता येणार नाही, तर मग रेकॉर्ड करायच्या मशीनवरच थोडी रक्कम लावा आणि ती कलाकारांमध्ये वाटा. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे असलं काही नाही, कोरी सीडी घेताना आपण फक्त कोरी सीडीच घेतो.

आणि अमेरिकेत तर खास कराओकेवरच भांडणं झालीत. तिकडे बारमध्ये कराओके चालवणारे धंदेवाईक लोक असतात, त्यांना शेकड्याने सीड्या नाचवायला लागायच्या, म्हणून ते सगळं हार्ड डिस्कवर घ्यायला लागले. साउंड चॉइस नावाची सीड्या बनवणारी कंपनी होती, तिने अशा खूप जणांवर दावे लावले. पण त्यांचं धोरण मला वाचायला मजा वाटली, ते म्हणायचे हार्ड डिस्कवर घ्यायचं तर घ्या, पण एकास एक, जितक्या हार्ड डिस्कवर गाणं आहे तितक्या ओरिजिनल सीड्या तुमच्याकडे पाहिजेत आणि त्या वापरायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले हे तर आमच्या स्टोअर्ससारखं झालं, माल आणि कार्ड जुळलं पाहिजे. ते दावे ट्रेडमार्कचे होते, स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो ना त्यावरून, आणि २०१६ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने सांगितलं की तुमची खरी तक्रार कॉपी केल्याची आहे, ती ट्रेडमार्कच्या कायद्यात बसवू नका. ज्या जपानी माणसाने १९७१ मध्ये कोबेला कराओके मशीन केलं, दाइसुके इनोउए, त्याने तर पेटंटच घेतलं नव्हतं. २००४ मध्ये त्याला इग नोबेलचं, म्हणजे नोबेलची गमतीदार नक्कल असते त्याचं, शांततेचं पारितोषिक मिळालं, लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून. आमच्या सोसायटीच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर जे राहतात त्यांनी हे वाचावं असं फार वाटतं.

असो. शेवटी बाबा तयार झाले, एका अटीवर. रजिस्टर ठेवायचं. त्यांनी खरोखर जुन्या पद्धतीची बिन कार्डं (स्टोअर्समध्ये प्रत्येक मालाचं असतं तसं नोंदीचं कार्ड) आखली पट्टीने, प्रत्येक सीडीला एक, नंबर, नाव, कुठून घेतली, कधी, किंमत, ओरिजिनल कुठे आहे, कॉपी कुठे आहे. आणि मी तापकीर गल्लीतून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन आले, कारण आता लॅपटॉपला सीडीचं तोंडच नसतं.

ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. व्हीसीडी सगळ्यात सोपी, तिला कुलूप नसतंच. उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात एव्हीसेक ०१, ०२ अशा डॅट फाइली, एक गाणं एक फाइल, उचलून ठेवायची, बहुतेक प्लेअर तशीच वाजवतात. बऱ्याच कराओके व्हीसीडीत एका बाजूच्या चॅनलला नुसतं संगीत आणि दुसऱ्या बाजूला गायकाचा आवाज असतो, म्हणून कॉपी करताना साउंड मोनो करू नका, नाहीतर दोन्ही एकत्र होऊन बसतं आणि मग त्या सीडीवाल्या गायकाबरोबर जन्मभर द्वंद्वगीत. हे मी केलं. नऊ गाणी परत करावी लागली.

भावाने अमेरिकेहून आणलेल्या तीन सीड्या मात्र वेगळ्याच निघाल्या, सीडीजी. साध्या ऑडिओ सीडीसारख्या दिसतात, लॅपटॉपवर एमपीथ्री केली तर गाणं येतं पण अक्षरं गायब. तर ती अक्षरं गाण्याच्या डेटात नसतातच, सबकोड म्हणून बाजूला एक चिंचोळी जागा असते सीडीवर, त्यात लपवलेली असतात, आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर आणि वाचू शकणारा ड्राइव्ह दोन्ही लागतात. मग एका गाण्याच्या दोन फाइली होतात, एक एमपीथ्री, एक सीडीजी, दोघींचं नाव तंतोतंत सारखं पाहिजे, एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी अक्षरं दिसत नाहीत.

आणि दोन डीव्हीडी, त्यांना कुलूप. इथे मी थांबले आणि परत भाऊजी. ते म्हणाले कलम ६५ए, ते पण २०१२ चंच. कॉपीराइट राखण्यासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप जो कोणी हक्काचा भंग करायच्या उद्देशाने तोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. उद्देशाने हा शब्द बघ, म्हणाले, अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात असं नाहीये, तिथे बॅकअपसाठी तोडलं तरी कुलूप तोडलं म्हणजे तोडलं. आपल्याकडे निदान तेवढी जागा ठेवलीय. म्हणलं मग तोडू? तर म्हणाले तू मला विचारतेयस ना, मग नको तोडू, दोनच आहेत, तशाच वाजवा. वकील असेच असतात. बाबांनी त्या दोघींच्या कार्डावर लाल शाईने लिहिलं, कॉपी नाही.

दोन आठवडे रोज रात्री हेच. आणि बातमी फुटली. शनिवारी बाबांनी पेन ड्राइव्ह हॉलमध्ये नेला, टीव्हीला लावला, यादी स्क्रीनवर आली आणि सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. सोमवारी मला व्हॉट्सअॅप, ताई बाबांचा पेन ड्राइव्ह दोन दिवसांसाठी मिळेल का, मुलगा घरी आहे तो लगेच घेऊन देईल. मग दुसऱ्यांचा. मग ज्या काकूंनी कधी आमच्याकडे बघून मान हलवली नाही त्यांचा गुड मॉर्निंगच्या फुलासकट.

हेच ते. बॅकअप म्हणून केलेली कॉपी दुसऱ्याच्या लॅपटॉपला लागली की त्या क्षणी ती बॅकअप राहत नाही, भाऊजींनी नसतं सांगितलं तरी मला हे कळत होतं. पण पुण्यात एका सोसायटीत राहून रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे काय ते राहणाऱ्यालाच माहीत. मी आपली पेन ड्राइव्ह करप्ट झालाय असं खोटं सांगायच्या तयारीत होते. बाबांनी ग्रुपमध्ये सरळ लिहिलं, कॉपी देता येणार नाही, कायद्यात बसत नाही, ओरिजिनल सीडी गायला हवी असेल तर घरी येऊन रजिस्टरला सही करून न्यावी, सात दिवसांत परत करावी. फुकट उसनी देणं कायद्यात कुठे अडत नाही, अडतं ते भाड्याने द्यायचं, हे त्यांनी भाऊजींकडून आधीच पक्कं करून घेतलं होतं. ग्रुपमधले दोघं बोलेनासे झाले. एक काका मात्र खरंच आले, चहा प्यायले, १७ नंबरची सीडी सही करून घेऊन गेले आणि घरी गेल्यावर लक्षात आलं त्यांच्याकडे प्लेअरच नाहीये.

कोणीतरी हे पण विचारलं की मग हॉलमध्ये वाजवता ते कसं चालतं. ते प्रकरण वेगळं आहे. कॉपी करणं एक आणि लोकांसमोर वाजवणं दुसरं. राहणाऱ्यांच्या समाईक हॉलमध्ये, राहणाऱ्यांसाठी म्हणून रेकॉर्डिंग ऐकवायला त्याच ५२ मध्ये सूट आहे, आणि हौशी मंडळींनी तिकीट न लावता गायलं तर त्यालाही. पण हॉल भाड्याने घेऊन प्रवेशमूल्य लावून कार्यक्रम करायचा तर लायसन्स बघावं लागतं, ती आपली शनिवारची गोष्ट नाही.

आता खरी गोष्ट. रजिस्टर पूर्ण करताना बाबांना प्रत्येक सीडीवरून कंपनीचं नाव उतरवायचं होतं. कायद्यात कलम ५२ए म्हणून आहे, ध्वनिमुद्रण बाजारात आणायचं तर त्यावर आणि वेष्टनावर ते कोणी बनवलं त्याचं नाव-पत्ता, कॉपीराइट कोणाचा आणि पहिल्यांदा कोणत्या वर्षी काढलं हे छापायलाच लागतं. बाबा भिंग घेऊन बसले आणि ११ नंबरला अडले. नाव नाही. पत्ता नाही. वरती हिरोहिरोईनचा फोटो, कागदी स्टिकर, एका कोपऱ्यात सुटलेला. मी उलटी करून उजेडात धरली तर खालची बाजू हिरवट निळी.

कारखान्यात छापलेल्या सीडीची खालची बाजू चांदीसारखी असते, आणि मधल्या भोकाच्या भोवती आरशासारखी पट्टी असते त्यात बारीक नंबर कोरलेला, कधी बारकोड, आणि नीट बघितलं तर आयएफपीआय (रेकॉर्ड कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) अशी इवलीशी अक्षरं आणि पुढे एक कोड, कोणत्या कारखान्यात निघाली त्याचा, ही पद्धत १९९४ ला सुरू झाली. घरी बर्न केलेल्या सीडीला रंगाचा थर असतो म्हणून ती हिरवी निळी जांभळी दिसते, आणि तिरकी धरली की लिहिलेला भाग आणि कोरा भाग असे दोन वेगळे कडे दिसतात, झाडाच्या खोडाला असतात तसे. चांदीसारखी आहे म्हणजे ओरिजिनलच असं नाही, नकली पण कारखान्यात छापतात, पण हिरवी निळी आणि वर स्टिकर, कंपनीचं नाव नाही, म्हणजे काय ते आपण समजायचं.

आम्ही सगळ्या ४३ उलट्या केल्या, डायनिंग टेबलवर, वर्तमानपत्रावर, ओळीने. तेरा हिरव्या.

बाबांनी त्या पेठेतल्या एका दुकानातून घेतल्या होत्या, २००६-०७ कधीतरी, पूर्ण पैसे देऊन, बिल नाही. दुकान आता नाही तिथे, मोबाइलची कव्हरं विकतात. बाबा काही बोलले नाहीत बराच वेळ. एक एक सीडी उचलायची, तिरकी धरायची, ठेवायची. मी म्हणलं बाबा तुम्हाला काय माहीत होतं, तुम्ही तर पैसे दिलेत. ते म्हणाले, चोरीचा माल पैसे देऊन घेतला तरी स्टोअर्समध्ये जमा करता येत नाही. आणि मूळच कॉपी असेल तर तिची बॅकअप म्हणजे काय असतं गं?

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि भाऊजींना विचारायचं धाडस पण नव्हतं. पेन ड्राइव्हवरून ते तेरा फोल्डर त्यांनी माझ्याकडून त्यांच्यासमोर डिलीट करून घेतले. रिसायकल बिनपण दाखव म्हणाले. तिथे काही नव्हतं, पेन ड्राइव्हवरचं तिथे जातच नाही, पण बघितल्याशिवाय सही केली नाही त्यांनी. तेरा बिन कार्डांवर आडवी रेघ मारली, स्क्रॅप, तारीख, सही.

त्या तेरात ती अडकणारी सीडी होती. जिच्यावरून हे सगळं सुरू झालं तीच, ११ नंबर. तिची तर मला धड कॉपीसुद्धा करता आली नव्हती, त्याच ओळीला ड्राइव्ह घरघर करून एरर द्यायचा. त्या गाण्याचा रीतसर ट्रॅक शोधून विकत घेऊन देते म्हणलं, पैसे भरून डाउनलोड करता येतात हल्ली, तर म्हणाले बघू, आधी बिल येतं का विचार.

परवा शनिवारी हॉलमध्ये लाइट गेले. सगळे मोबाइलच्या उजेडात बसले होते, कोणीतरी म्हणालं काका तुमचं ते होऊन जाऊ दे, तसंच, ट्रॅकशिवाय. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि सुरू केलं. मांडीवर ठेका. मुखडा, पहिला अंतरा, परत मुखडा, दुसऱ्या अंतऱ्याच्या दोन ओळी, आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर थांबले. चार-पाच सेकंद. हात चालू होता, तोंड किंचित उघडं, समोर अंधारात बघत. मग पुढची ओळ बरोब्बर पकडली.